परीक्षेच्या दिवसांतला पळस

महाराष्ट्रात वसंत आणि वार्षिक परीक्षा एकाच वेळी येतात. बारावीचे पेपर फेब्रुवारीत सुरू होतात, दहावीचे त्यांच्या मागोमाग. खालच्या इयत्तांतल्या मुलांच्या घरांतही मार्च उजाडला की टीव्हीचा आवाज खाली येतो, पाहुण्यांना ‘परीक्षा झाल्यावर या’ असं सांगितलं जातं, खेळण्यांचा खोका माळ्यावर जातो. नेमक्या याच आठवड्यांत सह्याद्रीच्या उतारांवर, विदर्भाच्या माळांवर, शहरांना खेटून उरलेल्या टेकड्यांवर पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेले असतात. परीक्षा आणि निकाल आटोपून मुलं मे महिन्यात मामाच्या गावी जातात, तेव्हा पळसावर नवी पानं आलेली असतात आणि सावरीचा कापूस वाऱ्यावर उडत असतो. फुलं कधीच संपलेली असतात. पहिलीपासून दहावीपर्यंत ओळीने दहा वसंत असे जातात आणि मूल मोठं होतं. पुढे कधी प्रवासात खिडकीतून एखादं निष्पर्ण, केशरी झाड दिसलं की ते कसलं, असं शेजारच्याला विचारावं लागतं.

2018 साली दहावीचं मराठीचं नवं पुस्तक ‘कुमारभारती’ आलं, त्यात दुर्गा भागवतांचा ‘वसंतहृदय चैत्र’ हा धडा होता. त्यांचं ‘ऋतुचक्र’ 1956 साली प्रसिद्ध झालं; मराठी माणसाला महिन्या-महिन्याने झाडांकडे बघायला शिकवणारं ते पुस्तक. त्यातला चैत्र पाठ्यपुस्तकात घ्यावा, हे निवडणाऱ्यांच्या मनात आलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण मुलांनी तो धडा वाचला तो कृतिपत्रिकेसाठी. दहावीला मराठीचा पेपर बहुधा पहिलाच असतो. वसंतावरच्या प्रश्नाचं उत्तर मूल लिहीत असतं त्या सकाळी कितीतरी परीक्षा केंद्रांच्या कुंपणापलीकडे फुललेलं झाड उभं असतं. पेपर सुटल्यावर घाईने घरी नेलं जाणारं ते मूल त्या झाडाखालून जातं. त्याला थांबवून कोणी वर बघायला सांगत नाही, कारण परवा इंग्रजी असतं.

म्हणून मुलांना घेऊन वसंत बघायला जायचं ठरवलं की पहिला विचार ठिकाणाचा नसतो, तारखेचा असतो. तारीख पंचांगातून मिळत नाही. शास्त्राप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पण आपल्याकडची पानगळीची रानं माघातच फुलायला लागतात आणि फाल्गुनात ऐन भरात येतात. शिवाय आपले महिने चंद्राचे, झाडाचं घड्याळ मात्र सूर्याचं. गुढीपाडवा 2024 मध्ये 9 एप्रिलला होता, 2025 मध्ये 30 मार्चला, 2026 मध्ये 19 मार्चला. 2026 साली अधिक ज्येष्ठ आला, म्हणून 2027 चा पाडवा पुन्हा 7 एप्रिलवर जातो. सण असा तीन आठवडे मागेपुढे सरकत राहतो. पळसाला अधिक मासाशी देणंघेणं नाही. थंडी कधी ओसरली, गेला पाऊस किती झाला, जमीन मुरमाड की काळी, झाड उतारावर आहे की ओढ्याच्या काठी, यावर त्याचे आठवडे ठरतात. एकाच माळावरचे दोन पळस आठ-दहा दिवसांच्या अंतराने फुललेले मी पाहिले आहेत. तेव्हा ‘होळीच्या सुट्टीत जाऊ’ असं ठरवलं तर एखाद्या वर्षी नुसत्या काळपट कळ्या दिसतील आणि एखाद्या वर्षी जमिनीवर सुकलेला सडा. जानेवारीच्या शेवटापासून येता-जाता एका झाडावर नजर ठेवायची आणि कळ्या फुगल्या की पुढचा रविवार पक्का करायचा, एवढीच काय ती तयारी. ही नजर ठेवण्याचं काम मुलांकडे सोपवावं. शाळेच्या बसच्या वाटेवर एखादं तरी असं झाड असतंच. फुलं कधी येणार हे आईवडिलांनी सांगण्याऐवजी मुलांनी घरात येऊन सांगावं.

जपानमध्ये चेरीच्या फुलांना शाळेच्या वर्षात अशी जागा मिळाली आहे, तिचा मला हेवा वाटतो. तिथलं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. देशाच्या मोठ्या भागात साकुराचा बहर त्याच सुमारास येतो, आणि नवं दप्तर पाठीवर घेतलेल्या मुलाचा फुललेल्या झाडाखालचा फोटो हा तिथल्या घराघरातला ठेवा असतो. क्योतोमधल्या बहराच्या नोंदी इसवी सन 812 पर्यंत मागे जातात. दरबाऱ्यांच्या रोजनिशा, मठांची टिपणं, मेजवान्यांची वर्णनं यांतून त्या तारखा अभ्यासकांनी जुळवल्या, आणि 2021 साली 26 मार्चला तिथे पूर्ण बहर आला तेव्हा बाराशे वर्षांतला तो सर्वांत लवकरचा ठरला. फुलं बघायला जाण्याच्या हौसेतून हवामानाचा एवढा लांब दस्तऐवज तयार झाला. आपल्या पळसाची अशी वही कोणी ठेवली असती तर आज ती किती मोलाची ठरली असती! एका घराने, एका झाडाची, दर वर्षी पहिलं फूल दिसल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून जुनी कॅलेंडरं जपून ठेवणं फार अवघड नाही. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा निष्ठेने करतात.

शाळेच्या वर्षात ऋतूला अशी जागा मिळाल्याची आठवण आपल्या देशातही आहे. शांतिनिकेतनात 1907 साली वसंतपंचमीला ऋतूंचा उत्सव पहिल्यांदा केला तो रवींद्रनाथांच्या धाकट्या मुलाने, शमींद्रनाथाने. तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. त्याच वर्षाच्या अखेरीला तो गेला. वडिलांनी पुढे त्या कल्पनेला गाणी दिली, नाच दिला, शाळेच्या वर्षात कायमची जागा दिली. बंगालमधल्या त्या वसंतोत्सवाचा आज केवढा पसारा झाला आहे. पण ऋतूचं स्वागत करावं असं आधी वाटलं ते एका शाळकरी मुलाला, आणि ज्या शाळेत त्याला ते करू दिलं गेलं ती शाळा झाडांखाली भरत होती. या गोष्टीत मला शिक्षणाबद्दल बरंच काही दिसतं.

आता प्रत्यक्ष झाडाखाली. मुलांसाठी सुरुवात काटेसावरीपासून करावी असं माझं मत आहे. पळस दुरून देखणा, सावर जवळून. तिची फुलं हाताच्या पंजाएवढी, पाच जाड, गुळगुळीत पाकळ्यांची, आत पुंकेसरांचे जुडगे. ती गळतात तेव्हा आवाज होतो. फूल पडल्याचा आवाज ऐकू येणं ही शहरातल्या मुलाला अगदी नवी गोष्ट असते; ते दुसऱ्या आवाजाची वाट बघत उभं राहतं. खोडावरचे शंकूसारखे काटे लहान झाडावर टोकदार, म्हाताऱ्या झाडावर बोथट होत गेलेले. मुलं ते हाताने चाचपतात, एकमेकांना दाखवतात. आणि वर भरलेला बाजार. साळुंक्या, भांगपाडी मैना, बुलबुल, तांबट, कोतवाल, कावळे, पोपट, शिंजीर, शिवाय खारी. फुलाच्या पेल्यात मध असतो, त्यासाठी ही गर्दी. कोतवाल मधही पितो आणि मधावर आलेले किडेही टिपतो. पाणवठ्यावर जितके पक्षी एका वेळी दिसावेत तितके एका सावरीवर दिसतात, आणि झाडाला पानं नसल्यामुळे ते लपत नाहीत. पक्षी ओळखायला शिकवायचं असेल तर यासारखी दुसरी शाळा नाही. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. जंगलात याच गळलेल्या फुलांवर चितळ चरतात.

झाडाला पानं का नाहीत, हा प्रश्न मुलं विचारतातच. त्याचं उत्तर द्यायला झाडाखालच्या सावलीच्या अभावाएवढा चांगला संदर्भ नाही. पाऊस संपून चार-पाच महिने झालेले असतात, जमिनीतली ओल खाली गेलेली असते, आणि पान म्हणजे पाणी बाहेर टाकणारं इंद्रिय. झाड ते गाळून टाकतं. मग उघड्या फांद्यांवर लाल-केशरी फुलं येतात, ती पक्ष्यांना लांबून दिसतात. पक्षी एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पराग नेतात. फळ धरतं, आणि मेपर्यंत बी तयार होतं. पळसाची चपटी शेंग, तिच्या टोकाशी एकच बी, ती वाऱ्याने गिरक्या घेत जाते. सावरीचं बोंड फुटून बी कापसाबरोबर तरंगतं. जूनचा पहिला पाऊस पडतो तेव्हा बी जमिनीवर हजर असतं. म्हणजे फाल्गुनातलं हे फुलणं मृगाच्या हिशेबाने चाललेलं असतं. आपल्याला जे रखरखीत, मेलेलं रान वाटतं ते पावसाची तयारी करत असतं. ही जोडणी मुलाच्या एकदा लक्षात आली की उन्हाळा त्याच्यासाठी बदलतो. विज्ञानाच्या पुस्तकात परागण, बीजप्रसार आणि बाष्पोच्छ्वास हे तीन वेगळे धडे असतात. इथे एकच झाड तिन्ही एकत्र सांगतं.

पळसाचं फूल मुलांच्या हाती देऊन ते सुटं करायला सांगावं. मखमली, जवळजवळ काळा पेला, एक मागे वळलेली पाकळी, दोन बाजूच्या, आणि चोचीसारखी वाकलेली नाव. ती उघडली की आत पुंकेसर मिटून बसलेले. हे सगळं मुलं वनस्पतिशास्त्राची एकही संज्ञा न शिकता पाहतात. ‘पळसाला पाने तीन’ ही म्हण त्यांना पाठ असते. पण फुलांच्या दिवसांत तपासून बघायला पानच नसतं. त्यासाठी जूनमध्ये त्याच झाडाकडे पुन्हा यावं लागतं. मला ही अडचण फार आवडते. सहल एकदाच होते आणि संपते, हा समज तिने मोडतो.

घरातल्या आजी-आजोबांना मागे ठेवू नये. टेकडी चढायची नसते, सपाटीवरचा पळसही तितकाच फुलतो, आणि त्यांच्याजवळ जे आहे ते कोणत्याही मार्गदर्शकाकडे नाही. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण त्यांनी काड्यांनी टाचलेले असतात. रंगपंचमीचा रंग फुलं उकळून केलेला असतो. हे दुसरं मुलांबरोबर आजही करता येतं. खाली पडलेली फुलं पिशवीभर गोळा करायची, घरी आणून पाण्यात उकळायची, रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी पाणी पिवळसर केशरी झालेलं असतं. बाजारच्या रंगासारखा तो भडक नसतो, कपड्यांवरून लवकर निघूनही जातो. मुलांची त्यामुळे थोडी निराशा होते, आणि मग आजी सांगते की आमच्या वेळी सगळ्यांचा रंग एवढाच असायचा. अट एकच, फांदी ओढायची नाही, वरचं फूल तोडायचं नाही. वरचं फूल पक्ष्याचं आणि शेंगेचं, खालचं आपलं. ही वाटणी मुलांना लगेच पटते.

कुठे जायचं याला फार लांबचं उत्तर नको. पुण्याला वेताळ टेकडी आणि तळजाई, मुंबईला बोरीवलीचं राष्ट्रीय उद्यान किंवा लोकलने कर्जत-कसाऱ्याकडचा पट्टा. विदर्भातल्या माणसाला तर गावाबाहेर पडलं की पुरे, रेल्वेच्या दोन्ही अंगांना पळस असतो. कोकण-गोव्यात पांगारा बघावा. त्याच्या काटेरी खोडावर मिरीचे वेल चढवलेले असतात, म्हणजे हे झाड बागेतलं कामकरी आहे हेही दिसतं. घाटात असाल तर कुसुंब शोधावा. त्याची कोवळी पालवी इतकी लाल असते की मुलं तिला फुलंच म्हणतात, आणि जवळ गेल्यावर ती पानं निघतात. करवंदीच्या जाळीला याच दिवसांत पांढरी, वासाची फुलं असतात. मे महिन्यातली करवंदं कुठल्या जाळीवर मिळणार ते आत्ताच हेरून ठेवता येतं. शहरातून बाहेर पडणं जमलंच नाही तरी हरकत नाही. मुंबईच्या पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या आसपास गुलाबी टॅबेबुया फुलतो तो पाहावा. ते झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्पही अमेरिकेकडूनच आलेलं. मुलांना हे सांगावं, पण त्यांना त्या फुलांचा आनंद घेऊ द्यावा. देशी झाडाची ओढ परक्या झाडाचा राग शिकवून निर्माण होत नसते.

निघायचं मात्र उजाडता. नऊनंतर मार्चचं ऊन मुलांना सोसवत नाही आणि पक्षीही पांगतात. भरपूर पाणी, टोपी, अंगभर सुती कपडे आणि बंद बूट हवेत, कारण पानगळीच्या रानात जमिनीवर काटे असतात आणि पाचोळ्याखालचं दिसत नाही. उंच सावरीवर आग्या मोहोळ असण्याचा संभव असतो. आधी खालून नीट पाहून घ्यावं. पोळं दिसलं तर ते झाड सोडून द्यावं. उग्र अत्तर लावू नये, दगड मारणं आणि आरडाओरडा तर नकोच. आणि विस्तव अजिबात नको. चहासाठीसुद्धा नाही. या दिवसांत वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं, आणि ज्या उतारावर आपण फुलं बघायला गेलो तो संध्याकाळपर्यंत काळा होतो. दर वर्षी आपल्या टेकड्यांना वणवे लागतात. त्यांत जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात आणि पळसाची दोन-तीन वर्षांची रोपं जातात, जी पुढे फुलायची असतात.

गर्दीचाही विचार मनात येतो. पावसाळ्याअखेरच्या कासच्या पठाराचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. फुलं पाहायला आलेल्यांच्याच पायांखाली फुलं जाऊ लागली, म्हणून कुंपण, रोजच्या संख्येवर मर्यादा, आगाऊ नोंदणी हे सारं करावं लागलं. पळसाच्या बाबतीत ते टळण्यासारखं आहे, कारण पळस एका ठिकाणी नाही. त्याचं ‘सर्वांत प्रसिद्ध झाड’ कोणी ठरवू नये, तसा शोधही घेऊ नये. प्रत्येक घराचं आपलं एक झाड असावं, घरापासून तासाभराच्या आतलं, जिथे पुढच्या वर्षीही जाता येईल.

आणि एक गोष्ट मुलांना त्याच सहलीत सांगायला हवी. याच मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली, गोंदिया, मेळघाट या भागांत मोह फुलतो. त्याची मांसल, पिवळट फुलं पहाटे गळतात. ऊन चढण्याआधी ती वेचावी लागतात, आणि घरातली मुलंही आईबापांबरोबर टोपल्या घेऊन अंधारातच झाडाखाली जातात. फुलं वाळवून साठवली जातात, खाल्ली जातात, विकली जातात. पावसाळ्यातल्या तंगीच्या दिवसांत त्यांचा आधार असतो. त्या मुलांचाही वसंत आणि परीक्षा एकाच वेळी येतात, पण त्यांना झाडाखाली जाण्याची तारीख ठरवावी लागत नाही. मोहाचं कुठलं झाड आधी गळतं, कोणत्या झाडाचं फूल जास्त गोड, अस्वल कोणत्या बाजूने येतं, हे त्यांना ठाऊक असतं. शहरातल्या मुलाला हे ऐकवताना दया शिकवायची नाही. फुलाकडे बघण्याची एक रीत अशीही आहे, तिच्यात पोटाचा संबंध आहे आणि तिच्यात ज्ञानही आहे, एवढं त्याला कळावं. आपण जे वर्षातून एका रविवारी बघतो ते त्याच्याच वयाच्या कोणाला तरी रोज पहाटे उठून वेचावं लागतं, हे कळलं तर त्याच्या बघण्यात आदर येईल.

परीक्षेच्या तोंडावर मुलाची एक सकाळ घेतली तर गुण कमी होतील, ही भीती खरी आहे आणि ती घालवायला माझ्याजवळ कुठलीही आकडेवारी नाही. पण फेब्रुवारीतल्या रविवारची सकाळ बहुतेक घरांत अभ्यासाआधीच्या वादावादीतही जाते, हे आपण सगळे जाणतो. पहाटे सहाला निघून दहाला घरी परतता येतं.

शाळांकडे मात्र एक मागणी आहे. शैक्षणिक सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात, किल्ल्यांवर, कारखान्यांत, अलीकडे वॉटर पार्कमध्येही. त्या काढाव्यात. त्यांच्या जोडीला प्रत्येक शाळेने फेब्रुवारीच्या शेवटच्या किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यातली एक सकाळ राखून ठेवावी आणि त्या दिवशी खालच्या वर्गांना चालत जाता येईल अशा जवळच्या फुललेल्या झाडाकडे न्यावं. बस लागत नाही, वर्गणी काढावी लागत नाही. मुख्याध्यापकांनी जूनमध्ये वर्षाचं वेळापत्रक आखतानाच ही सकाळ त्यात लिहावी, आणि पालकांनी पहिल्याच पालकसभेत ती लिहिली आहे का हे विचारावं.